सखाराम गवसाची झोप

सखाराम गवसाचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा सुर्ल्यात कुणाला नवल वाटलं नाही. उलट पुष्कळांना बरंच वाटलं. बारा वर्षांमागे देवानं कौलाची पाकळी दिली होती, तिचं फळ आता दिसतंय, असं नळावर बायका बोलल्या. त्या बोलत असताना सखारामची बायको आनंदी शेजारीच कळशी भरत होती, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आनंदीनं भरलेली कळशी कडेवर घेतली आणि घरची वाट धरली. इतक्या वर्षांत ती तेवढंच शिकली होती.

आनंदी मूळची किनाऱ्याकडच्या चोपड्याची. नदीकाठाला बापाची थोडी शेती, चार माड. खाणीवर ट्रक चालवणारा जावई बापाला नको होता. पण सखाराम मुलगी बघायला आला, तेव्हा पडवीत चढण्यापूर्वी त्यानं विहिरीवर जाऊन गुडघ्यापर्यंत पाय धुतले, कानामागची तांबडी धूळसुद्धा ओल्या रुमालानं पुसली. आनंदीनं जनेलाच्या गजांआडून ते पाहिलं आणि मनाशी म्हणाली, हा चालेल.

सखाराम दोडामार्गाकडचा. अठराव्या वर्षी ट्रकवर क्लीनर म्हणून सुर्ल्यात आला, पुढं स्टिअरिंगवर बसला. खाणीवरून जेटीपर्यंत खनिजाच्या खेपा, सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत. बोलणं मोजकं. दारूला शिवायचा नाही, खेप वाढवण्यासाठी गाडी पळवायचा नाही, त्यामुळे इतर ड्रायव्हर त्याला म्हातारा म्हणून चिडवत. इतकं सरळ वागूनही गावात तो 'भायलो', म्हणजे बाहेरचा, तो भायलोच राहिला. लग्नाला बोलावणं यायचं, पण पंगतीत पान टोकाला मांडलेलं असायचं.

मग एका वर्षी देवळाच्या जत्रेत पालखीपुढे दिवटी धरणारा म्हातारा वारला आणि त्याच्या घरात पुढं कुणी नव्हतं. देवळाचा कारभार बघणारे गोकुळदासबाब, काय मनात आलं कोण जाणे, सखारामला म्हणाले, "गवसा, औंदां दिवटी तू धर." पेटती दिवटी घेऊन देवापुढे चालायचं, एवढंच काम. पण सुर्ल्यात असल्या मानासाठी भाऊ भावाशी बोलायचं सोडतो. सखारामनं त्या दिवशी दोनदा आंघोळ केली, नवं धोतर नेसला, आणि नेसता येईना म्हणून आनंदीला हाक मारली. स्वतःच्या लग्नातसुद्धा तो इतका नटला नव्हता. रात्रभर दिवटी धरून हात भरून आला, तरी दुसऱ्या दिवशी तो ट्रकवर शीळ घालत गेला. त्यानंतर दर जत्रेला दिवटी त्याचीच.

त्याची झोप बिघडली ती पुढं. मुलगी सुमन तेव्हा चौथीत होती. एके पहाटे सखाराम अंथरुणात ओरडला, "बाजूक हो रे! आडवो येव नको! मेलो, मेलो!" आणि त्याचा हात असा फिरला की आनंदीचा पुढचा दात तुटून उशीवर पडला. दिवा लावला तर हा उठून बसलेला, घामानं भिजलेला. त्याला स्वप्न आठवत होतं. ट्रकचा ब्रेक लागत नव्हता आणि समोर रस्ता भरून माणसं, त्यातलंच कुणी मेलं म्हणून तो ओरडला होता. दात बघून तो लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी आनंदीनं गावाला सांगितलं, विहिरीवर पाय घसरला.

मग ते नेहमीचंच झालं. आठवड्यातून दोनदा, तीनदा. कधी लाथ, कधी बुक्की, आणि बहुतेक वेळा तेच ओरडणं, बाजूक हो, आडवो येव नको. दिवसा आवाज न चढवणारा माणूस पहाटे राक्षस व्हायचा आणि उठल्यावर त्याला आपण काय केलं ते तिच्या अंगावर बघावं लागायचं. खाणीनं डोंगर कापला तेव्हा डोंगराची राखण करणाऱ्या देवचाराची जागा मोडली, तो आता ड्रायव्हरांना झोपू देत नाही, असं कुणी म्हणालं. मग देवचाराला रोट आणि विडी ठेवून झालं, उशीखाली लिंबू ठेवून झालं, अंगारा लावून झाला. काही फरक पडला नाही. त्याच सुमारास त्याचं नाकही गेलं. चुलीवर सुका बांगडा भाजत असला तरी तो विचारायचा, आज जेवणाला काय. आनंदीला वाटायचं, माझी थट्टा करतोय.

अशी तीन वर्षं गेली आणि कृष्णनाथ मेला.

कृष्णनाथचं रस्त्यावर चहाचं दुकान होतं. एका संध्याकाळी जेटीच्या रस्त्याकडेच्या गटारात त्याची सायकल आणि तो, दोन्ही सापडले. कुठल्यातरी ट्रकनं उडवलं होतं. त्या वेळात चाळीसेक ट्रक त्या रस्त्यानं गेले असतील. कुणी थांबलं नव्हतं, कुणी पाहिलं नव्हतं, निदान तसं सगळे म्हणाले. पोलिसांनी अज्ञात वाहन लिहिलं आणि ते चहा पिऊन गेले. गावाला मात्र अज्ञात चालत नाही. गावाला नाव लागतं, आणि ते आपल्यातलं नसलं तर अधिक बरं असतं.

नाव दिलं ते भिंतीपलीकडच्या शांतानं. दोन्ही घरांत मातीची एकच भिंत. नळावर ती म्हणाली, "गवस झोपेत बोबाटता मगे. बाजूक हो, मेलो, म्हणता. आपल्या कानांनी आयकलां." शांता वाईट बाई नव्हती. तिनं ऐकलं होतं तेच सांगितलं. पण ते संध्याकाळपर्यंत देवळात पोचलं.

चौथ्या दिवशी गोकुळदासबाब दारात आले. म्हणाले, "गवसा, लोक बोलतत. आमी देवाक विचारुया, म्हणजे तुझ्याय मनाक शांती."

सखारामनं क्षणाचाही विचार केला नाही. "लावा प्रसाद," तो म्हणाला. "देव काय खोटा सांगतलो?"

प्रसाद लावणं म्हणजे काय हे त्या भागात पोरांनाही ठाऊक असतं. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा, उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हरवलेल्या म्हशीपासून सोयरिकीपर्यंत सगळं तिथं विचारलं जातं. पण गाऱ्हाण्यात देवापुढे सगळं खरं सांगावं लागतं. गुरव म्हणाला, हा झोपेत काय बोलतो ते त्याला कसं ठाऊक असणार, शेजारी निजते तिनं सांगावं.

म्हणून आनंदी पुढं झाली. तिचा वरचा ओठ सुजलेला होता. तीनच दिवसांमागे झोपेत त्याचं कोपर बसलं होतं. देवळात निम्मा गाव उभा होता आणि निम्म्या गावाची नजर त्या ओठावर होती. गुरवानं विचारलं, "काय बोलता तो?" तिनं सांगितलं. बाजूक हो. आडवो येव नको. मेलो. ती एकही शब्द खोटा बोलली नाही. गुरवानं विचारलं, "या आठवड्यात बोलल्लो?" ती म्हणाली, "होय, बोलल्लो." बाजूला उघड्या अंगानं सखाराम उभा होता, हात जोडून, तिच्याकडे बघत. ती सांगून मागे सरली तरी तो बघतच राहिला, जणू ती अजून काही सांगेल म्हणून थांबला होता.

गुरवानं देवाला विचारलं, कृष्णनाथ याच्याच ट्रकखाली आला काय?

उजवी पाकळी पडली.

पाकळीवरून पोलीस कुणाला धरत नाहीत, त्यामुळे सखारामला कुणी काही केलं नाही. न करता जे करता येतं ते सगळं केलं. जत्रेची दिवटी दुसऱ्याच्या हातात गेली. ड्रायव्हर त्याच्या शेजारी डबा उघडेनासे झाले. त्याचा ट्रक रस्त्यावर आला की बायका पोरांना आत ओढायच्या. पुढं ट्रकमालकानं त्याला गाडीवरून उतरवून दगड फोडायला लावलं. पाव घेऊन येणारा पोदेर सगळ्यांच्या दारात हाक मारायचा आणि यांच्या पायरीवर मुकाट पावाचे उंडे ठेवून जायचा. सखारामनं कुणाशी भांडण काढलं नाही. एकदाच तो आनंदीला म्हणाला, "मी मारूक नाय त्येका." ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही, आणि तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

कारण तिलाही गावासारखंच वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. देवानं सांगितलं, गावानं मानलं, आणि तिच्या तोंडात दाताची जागा रिकामी होती. ती सुमनला घेऊन स्वयंपाकघरात निजायला लागली. एका सकाळी ती त्याला उठवायला गेली तर त्यानं ताडपत्रीच्या दोरीनं स्वतःचं मनगट खाटेच्या पायाला बांधून घेतलेलं. गाठ इतकी आवळलेली की कातडी सोलली होती. तू आता आत निजतेस, तरी कधी उठून आलीस तर लागायला नको, असं काहीसं तो पुटपुटला. तिनं विचार केला, पाप माणसाला असं स्वतःला बांधायला लावतं. आणि दोरी सोडून चहा ठेवायला गेली.

पुढं खाणी बंद पडल्या. ट्रक दारादारात गंजत उभे राहिले, आणि सखाराम काजूच्या बागांत मजुरी करायला लागला. मग हात थरथरायला लागला. आधी अंगठा आणि बोट, विडी वळावी तसं. मग चालताना पाय जमिनीला चिकटायला लागला, आवाज बारीक झाला, सदऱ्याची गुंडी लागेना. चेहरा तर असा कोरा झाला की हसतो की रागावतो काही समजेना. गावानं ठरवलं, देव उशिरा देतो पण देतो.

सुमन लग्न होऊन मांद्र्याला गेली होती, एका गेस्ट हाऊसच्या काऊंटरवर कामाला होती. ती आली आणि बापाकडे बघून म्हणाली, "देवाचा मागीर बघुया. आधी डॉक्टराक दाखवया." पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात तिघं गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सखारामला चालवून बघितलं, बोटं आपटायला लावली, मनगट फिरवलं. पार्किन्सन म्हणतात याला, त्या म्हणाल्या. मग विचारलं, "झोप कशी लागते?"

"बरी," सखाराम म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या. "पेशंट नेहमी बरीच म्हणतो. त्याला कुठून ठाऊक असणार?" आणि आनंदीकडे वळल्या. "तुम्ही सांगा. झोपेत ओरडतात का? हातपाय मारतात का?"

पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तिलाच. ती खाली बघून म्हणाली, "होय."

"स्वप्नात कुणी अंगावर येतंय, कुणी समोर आलंय, असं?"

"होय."

"वास येतो त्यांना?"

आनंदीनं मान वर केली. या बाईला बांगड्याचं कुणी सांगितलं? "नाय येणा," ती म्हणाली. "कितकीशींच वर्सां झाली."

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा करून त्यावर डोकं आणि मान काढली. जिथं मेंदू मानेत उतरतो तिथं एक टिंब दिलं. म्हणाल्या, "आपण स्वप्नात धावतो, मारामारी करतो, पण अंग खाटेवर गप्प असतं, कारण इथं एक लहानशी जागा आहे, ती रोज झोपेत अंगाला कुलूप घालते. या आजारात ही जागा पहिल्यांदा खराब होते. कुलूप निघतं. मग माणूस स्वप्नात करतो ते सगळं खरंच करतो. त्याचा दोष नसतो, त्याच्या मनात पाप असतं असंही नाही. शांत माणसंच स्वप्नात जास्त ओरडताना आम्ही बघतो. आजार मग हळूहळू वर चढतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी इथं पोचला की हात थरथरतो." वर त्यांनी दुसरं टिंब दिलं आणि दोन्ही टिंबं रेघेनं जोडली. "फोटो काढू आपण, पण त्यात हे धड दिसत नाही. शेजारी निजणारं माणूस सांगतं तेच आम्हाला खरं उपयोगी पडतं. म्हणून विचारते, हे कधीपासून आहे? नीट आठवून सांगा."

कधीपासून.

देवळात हे कुणी विचारलं नव्हतं. काय बोलतो ते विचारलं, या आठवड्यात बोलला का ते विचारलं, कधीपासून ते गुरवानं विचारलं नाही, गोकुळदासबाबांनी नाही, त्या उभ्या गावातल्या एकानं नाही. आणि आनंदीच्या जिभेवर ते त्या दिवशी आलं होतं. ओठ ठणकत होता. तीन वर्षांचा मार अंगावर होता आणि तो कुणाला सांगता आला नव्हता. पहिल्यांदाच सगळे तिच्या ओठाकडे बघत होते, आणि तिला वाटलं होतं, बघू देत, एकदा यालाही समोर उभं राहून ऐकू दे. तेवढ्यापुरती ती गप्प बसली. तेवढंच पुरलं.

"सुमन चवथीत होतां तेन्नापासून," ती म्हणाली. "तेन्नाच माजो दात पडलो."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. सुमननं मात्र आईकडे बघितलं. कृष्णनाथ मेला तेव्हा ती सातवीत होती. त्याच्याच दुकानातून शाळेत जाताना ती लिमलेटच्या गोळ्या घ्यायची, तिला ते विसरणं शक्य नव्हतं. बसमध्ये ती बापाशेजारी बसली आणि आईला मागची सीट मिळाली.

दुसऱ्या दिवशी आनंदी गोकुळदासबाबांकडे गेली. ते आता थकले होते, व्हरांड्यात लाकडी कदेलावर पाठ टेकून बसून असायचे. तिनं त्यांना सगळं सांगितलं, कुलुपाचं, टिंबांचं, दाताचं. कृष्णनाथ मरण्याआधी तीन वर्षं सखाराम हेच शब्द ओरडत होता, हेही सांगितलं. "बाब, देवाक मी अर्धाच सांगलंय," ती म्हणाली. "अर्ध्यावर देवान पाकळी दिली."

गोकुळदासबाबांनी आतून चहा मागवला. मग म्हणाले, "वयनी, कृष्णनाथाची बायल मेली. गुरव मेलो. त्या दिसाचे अर्धे लोक मेले. आतां कोणाक सांगतलंय?"

"तुमकां सांगतंय. त्येका दिवटी परत द्या. एका जत्रेक तरी."

"दिवटी?" ते तिच्याकडे बघत राहिले. "त्या हातात?"

ते चिडवत नव्हते. पेटत्या तेलाची दिवटी त्या हातात दिली तर काय होईल ते तिलाही दिसलं. तिनं चहा घेतला नाही. सुर्ल्यात चहा नाकारणं म्हणजे भांडण, पण ते भांडायलासुद्धा तिच्यापाशी तोंड उरलं नव्हतं.

घरी येऊन तिनं सखारामला सांगितलं. तो पडवीत बसला होता, हात मांडीवर थरथरत होता. आजार होता, तुझ्या मनात काही नव्हतं, तेव्हापासूनच होता, डॉक्टरीण काय म्हणाली ते तू ऐकलंस ना. मग तिनं देवळातलं सांगितलं. मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही, मला राग आला होता, असं ती स्पष्ट म्हणाली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या. पण आजारानं त्याचा चेहरा कधीच नेला होता. एक सुरकुती हलली नाही. त्यानं माफ केलं की मनात धरलं, की त्याला नीट ऐकूच आलं नाही, काही समजायला मार्ग नव्हता. मग तो बारीक आवाजात म्हणाला, "पाणी दी."

त्या दिवसापासून ती पुन्हा त्याच्या खोलीत निजायला लागली. खाटेच्या कडेला उशा रचल्या, भिंतीला गोधडी लावली, दोरी नेऊन चुलीत घातली. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली होती, त्या गोळीनं लाथा कमी झाल्या. पुढं पुढं दिवसा त्याला पेला धरता येईना, आणि बोललेलं ऐकायला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागायचा. झोपेत मात्र आवाज तोच राहिला, ट्रकवरून हाक मारणाऱ्या ड्रायव्हरचा, खणखणीत. त्याचा खरा आवाज ऐकायला आता पहाटेची वाट बघावी लागायची, आणि ती बघायची.

शेवटच्या वर्षी एका पहाटे तो असाच ओरडायला लागला. आनंदी उठून बसली. या वेळी ट्रक नव्हता. दोन्ही हात त्यानं छातीशी आणून जोडले, देवळात जोडले होते तसे. उजवा हात जरासुद्धा थरथरत नव्हता. झोपेत तो कधीच थरथरायचा नाही.

"मी मारूक नाय त्येका," तो मोठ्यानं म्हणाला. भिंतीपलीकडे शांताला ऐकू गेलं असेल इतक्या मोठ्यानं. "आनंदे, सगळा सांग गो त्येंका. अर्धा नको सांगू."

तिनं त्याचे जोडलेले हात धरले. ते गरम होते आणि त्यांत पूर्वीचा जोर होता. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं, पहिल्या दिवसापासून, तिच्याकडे बघत उभा होता तेव्हापासून.

"सांगतंय," ती म्हणाली. "सांगतंय हां."

पण त्या खोलीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, आणि तो झोपेत होता. बाहेर पोदेरानं पायरीवर उंडे ठेवले आणि हाक न मारता पुढच्या दाराकडे गेला.